गाळलेला समुद्र

माझ्या हातून आयुष्यात कुणाचं वाटोळं व्हायची वेळ आली असेल, तर ती पाणी गाळल्यामुळं. ऐकायला खोटं वाटेल. चोरी नाही, चहाडी नाही, पाणी गाळलं म्हणून! आणि तेही नळाचं नाही, समुद्राचं. समुद्र मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिला होता.

मी संभाजीनगरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. काचेची भांडी धुणं, वाफेवर निर्जंतुक करणं, पोरांनी फोडलेल्या काचा झाडणं आणि त्यांना फैलावर घेणं, ही माझी कामं. तीस वर्षं होत आली. मी धुतलेल्या फ्लास्कवर बोट ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. नवीन पोरं मला बघून चपला बाहेर काढतात, आणि काढल्या नाहीत तर माझं तोंड सुटतं. मला माहीत आहे ते पाठीमागं काय म्हणतात. म्हणू देत.

घर गारखेड्याला, माहेर गंगापूरकडचं. रान आमचं नव्हतं. आई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायची, आणि शाळेला सुट्टी असली की मीही तिच्या ओळीला लागायचे. बोंडाची टोकं बोटांना ओरबाडायची. आईची बोटं इतकी निबर झाली होती की तिला टोचलेलं कळायचं नाही, पण कापूस कुठल्या रानातला, ओला का कोरडा, त्यात किडकी कवडी किती, हे ती डोळे मिटून सांगायची. हे आधी सांगून ठेवते, पुढं लागणार आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक मुलगी पीएचडीला आली. वैजापूरची, वडील कांद्याचे आडते. बारीक आवाजाची, पण एकदा ठरवलं की न हलणारी. तिनं विषय घेतला समुद्राचा. प्लास्टिकचे बारीक कण समुद्रातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांचं काय करतात, ते शोधायचं. तिचे गाईड असलेले सर पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावून बसले. "अगं, इथं नळाला सहा-सहा दिवसांनी पाणी येतं, आणि तुला समुद्र पाहिजे?" सगळा स्टाफ हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

ती हसली नाही. भांडी धुताना माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायची आणि मला समजावून सांगायची. "मावशी, समुद्रात हिरवे जीव असतात, एका थेंबात किती तरी. झाडासारखे उन्हावर जगतात. आपण श्वास घेतो ना, त्यातला लई प्राणवायू त्यांनी केलेला असतो."

"आता गं! गंगापुराला समुद्राचा वारा कुठून येतोय?"

"वाऱ्याला एसटी लागत नाही, मावशी."

मग म्हणायची, आपण फेकलेलं प्लास्टिक उन्हानं, लाटांनी झिजत झिजत पिठासारखं होतं. त्यातनं रसायनं पाण्यात उतरतात आणि हे हिरवे जीव फिके पडतात, मरगळतात. आणि भलतेच दुसरे जीव त्या कणांना चिकटतात, बुळबुळीत थर करून तिथं आपली वस्ती थाटतात. मी म्हटलं, "म्हणजे अतिक्रमण म्हण की." तिला ते इतकं आवडलं की तिनं वहीत लिहून घेतलं.

सरांनी शेवटी अट घातली. दिवाळीपर्यंत एक धड प्रयोग दाखवायचा. नाही जमलं तर समुद्र सोडायचा, आपल्याकडची माती घ्यायची आणि गप डॉक्टर व्हायचं. मातीवर आमच्याकडं आधीच सात-आठ जण बसलेले. ती म्हणाली, "माती घ्यायची असती तर वैजापुरातच राहिले असते." सरांना हे म्हणाली नाही, मला म्हणाली.

मे महिन्यात, कॉलेज ओस पडलेलं असताना, ती कोकणात जाऊन पाणी घेऊन आली. सकाळी सकाळी लॅबमध्ये शिरली ती डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले, आणि दोन मोठ्या काचेच्या बरण्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरलेल्या. प्लास्टिकची बाटली वापरायची नाही म्हणून काच. अख्ख्या प्रवासात तिनं त्या मांडीवरून खाली ठेवल्या नव्हत्या. टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, जरा लक्ष ठेवा, मी हॉस्टेलवर अंघोळ करून येते."

मी टॉवेल सोडला आणि बघतच राहिले. अगं बाई, हे पाणी? गढूळ, तळाला वाळू, वर काड्याकुड्या तरंगतायत. एवढ्या लांबून पोरीनं जिवापाड जपून आणलेलं पाणी, आणि असलं? आमच्याकडं घरात आलेलं पाणी चौपदरी फडक्यातनं गाळल्याशिवाय कुणी रांजणात ओतत नाही. टँकरचं असो, नळाचं असो, शेजारणीनं दिलेलं असो. लॅबमधल्या पिण्याच्या पाण्यासाठी घरून आणून ठेवलेलं माझं गाळणं मी घेतलं, स्वच्छ धुतलेल्या बरण्या घेतल्या, अख्खा समुद्र गाळला आणि तिच्या बरण्या विसळून त्यांतच परत भरून ठेवला. फडक्यात राहिलेली घाण झटकून टाकली आणि गाळणं धुऊन खिडकीतल्या दोरीवर वाळत घातलं.

ती आली, म्हणाली, "पाणी निवळलं वाटतं." मी नुसती हसले. मुद्दाम लपवलं असं नाही. पाणी गाळलं हे सांगायचं असतं का? भाकरी थापायच्या आधी हात धुतले होते, असं कुणी सांगतं का?

त्या गाळण्याबद्दल सांगते. ते माझ्या आईच्या लुगड्याचं होतं. माझी नोकरी पक्की झाली तेव्हा मी गुलमंडीवरच्या एका दुकानातनं तिच्यासाठी पांढरं शुभ्र लुगडं घेतलं होतं. विहारात जाताना आमच्या बायका पांढरं नेसतात, आणि आईचं पांढरं निळीनं निळं झालं होतं. मी दुकानदाराला तीनदा विचारलं, "सुती आहे ना?" तो म्हणाला, "ताई, प्युअर कॉटन, लिहून देतो." जन्मभर कापूस वेचलेल्या बाईच्या अंगावर एकदा तरी कोरं सुती लुगडं पडावं, एवढंच माझ्या मनात होतं. आईनं ते दर पौर्णिमेला नेसलं, पार शेवटच्या वर्षापर्यंत. ती गेल्यावर अर्धं मी पेटीत ठेवलं आणि अर्ध्याची गाळणी केली. माझ्या घरात त्याच्याहून निर्मळ काही नव्हतं. म्हणून तर पोरीच्या पाण्याला ते लावलं.

तिनं सहा फ्लास्क भरले. तीन फ्लास्कमध्ये प्लास्टिकची पूड टाकली. उरलेल्या तिन्हींवर चिठ्ठी चिकटवून म्हणाली, "हे कंट्रोल."

"कंट्रोल? गहू मिळणार का साखर?" आमच्याकडं रेशनच्या दुकानाला कंट्रोलच म्हणतात.

ती पोट धरून हसली. "ह्यात काहीच मिळत नाही, मावशी. ह्यात प्लास्टिक नाही, म्हणून हा कंट्रोल. हा हिरवा राहिला आणि तो फिका पडला, तरच माझं म्हणणं खरं. हा बिघडला तर सगळं बोंबललं."

मी रोज कामाला आले की आधी ते फ्लास्क बघायचे. सगळ्यांत हलकासा हिरवा रंग धरला. मग प्लास्टिकवाले फिके पडायला लागले. तिच्या चेहऱ्यावर तेज आलं, सरांना जिन्यात गाठून सांगायची, "पडतायत सर, फिके पडतायत." तिसऱ्या आठवड्यात, एका सोमवारी, कंट्रोलचे तिन्ही फ्लास्कही मळकट दिसले. एकात तर तळाशी गोळा धरला होता.

तिनं थेंब घेतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. मग म्हणाली, "मावशी, बघा."

मी बघितलं. काचेसारखा, पारदर्शक, लांबच लांब धागा. आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंनी शेवाळ्यासारखं काहीतरी लगडलेलं, गुळाच्या दोरीला मुंग्या चढाव्यात तसं. धाग्यापासून लांबचं पाणी रिकामं. दुसरा थेंब घेतला, त्यात दोन धागे. मी हबकलेच. मी धुतलेल्या फ्लास्कमध्ये! माझ्या!

"कापसाचा असेल," मी म्हटलं. तिनं दिव्यावर सुई लाल केली आणि धाग्याजवळ नेली. धागा आकसून वाकडा झाला. "कापूस असता तर जळून राख झाला असता, मावशी. हे प्लास्टिक आहे. कापडातलं."

तेव्हा माझं डोकं सणकलं. समोर काय होतं? तिची ओढणी, झुळझुळीत, जांभळी, बाजारातली. "मग बघतेस काय? ही तुझी ओढणी! शंभरदा सांगितलं लॅबमध्ये हे लोंबतं घालून येऊ नको. स्वतःच्या हातानं स्वतःच्या प्रयोगात माती कालवलीस ना? आता भोग!" धागा बिनरंगी आणि ओढणी जांभळी, एवढं साधंसुद्धा मला दिसलं नाही. ती खिडकीकडं बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती ओढणी न घालता यायला लागली, आणि मला वाटलं, बरी अक्कल आली.

गुरुवारी सरांनी तिला माझ्यादेखत झापलं. "समुद्राचं नाव घेऊन एक वर्ष घालवलंस, आणि कंट्रोल सांभाळता येत नाही?" ती खाली मान घालून म्हणाली, "माझीच चूक, सर. ओढणीचे धागे असतील." सर म्हणाले, "उद्या विषय बदलाचा अर्ज लिहून आण. माती घे." मी कपाट पुसत होते. मला वाईट वाटलं, पण मनात एक आवाज म्हणतच होता, मी सांगितलं होतं ना?

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी एकटीच लॅबमध्ये. दोरीवर माझं गाळणं वाळत होतं, आणि त्याच्या काठाचे धागे सुटून वाऱ्यावर हलत होते. मला वाटलं, आता ह्या पोरीला सुती धागा कसा असतो ते दाखवूच. म्हणजे पुढच्या वेळी मला सुईनं शिकवायला येणार नाही. मी एक धागा ओढला आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. कापसाचा धागा कसा जळतो ते मला कुणी सांगायला नको. भुर्रकन पेटतो, जळक्या कागदाचा वास येतो, आणि चिमटीत राख उरते.

तो पेटला नाही. तो मागं सरकला.

आकसला, काळा पडला आणि टोकाला मोहरीएवढी गुठळी झाली. जळक्या पिशवीचा वास आला. मी म्हटलं, हा दुसरा कुठला तरी धागा चिकटला असेल. दुसरा ओढला. तसाच. तिसरा फडक्याच्या मधोमध सुईनं उसवून काढला. तो वितळून माझ्या बोटालाच चिकटला आणि चटका बसला. "अगं आई गं!" मी मोठ्यानं ओरडले. बोट भाजलं म्हणून ओरडले का आईलाच हाक मारली, ते मला अजून कळलेलं नाही.

मी कापसातली बाई. कापसानं माझी बोटं फाडली, आणि एवढी वर्षं मी ते फडकं हातात धरत होते, पिळत होते, धूत होते! मला कळलं नाही! प्युअर कॉटन म्हणे. आणि मी पोरीच्या बिनडाग समुद्रात माझ्या हातानं, प्रेमानं, चौपदरी करून प्लास्टिक सोडलं होतं. वर तिलाच शिव्या घातल्या होत्या.

खरं सांगते, गप्प बसायचं मनात आलं. कुणाला माहीत होतं? पोरीनं स्वतःच चूक कबूल केलेली. माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, आणि तीस वर्षांत माझ्या कामावर एक डाग नाही. गाळणं घरी नेऊन चुलीत घातलं की झालं. पण रोज सकाळी मी पंचशील म्हणून घराबाहेर पडते, आणि चौथं शील आहे खोटं न बोलण्याचं. पालीत म्हणताना ते सोपं जातं. त्या दिवशी लई जड गेलं.

मी गाळणं आणि दिवा दोन्ही घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. ती तिथंच उभी होती, हातात अर्ज. मी म्हटलं, "सर, तो अर्ज घेऊ नका. ओढणीचं काही नाही. समुद्र मी गाळला."

सरांना आधी कळलंच नाही. "काय केलं?"

"पाणी गाळलं. ह्या फडक्यातनं. मला वाटलं सुती आहे." आणि त्यांच्या टेबलावर दिवा पेटवून धागा धरला. गुठळी झाली. सर खुर्चीतनं अर्धे उठले.

"तीस वर्षं झाली तुम्हाला इथं! समुद्राचं पाणी कुणी गाळतं का?"

"व्हय सर, आमच्याकडं आलेलं पाणी गाळतात. घाण होतं." मी गाळणं त्यांच्या टेबलावर ठेवलं. "माझ्यावर काय करायचं ते करा. पोरीचा विषय काढून घेऊ नका."

सर त्या गुठळीकडं बघत राहिले. मग स्वतःच्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि सोडली. तिच्याकडं वळून म्हणाले, "पाणी परत कोण आणणार?" ती म्हणाली, "मी." सरांनी अर्ज तिच्या हातातनं घेतला, फाडला नाही, ड्रॉवरमध्ये टाकला. "दिवाळीपर्यंत इथं राहू दे," म्हणाले. मला काहीच म्हणाले नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी गेले आणि पेटी, कपाट सगळं उपसलं. प्रत्येक कपड्याचा एक धागा काढून काडी लावली. साड्या, परकर, पडदे, सुनेचे ड्रेस, नातीचं दुपटं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला झालंय काय?" परातीत काळ्या गुठळ्यांचा ढीग झाला. राख झाली फक्त एका जुन्या वाकळेच्या आतल्या थराची. कापूस वेचणाऱ्यांच्या घरात कापूस नाही! मी तशीच परातीपुढं बसून राहिले, स्वयंपाकसुद्धा सुनेनंच केला.

श्रावणात ती पुन्हा पाणी घेऊन आली. ह्या वेळी मी बरण्यांना हात लावला नाही. हात पदराखाली घेऊन लांब उभी राहिले, तर ती म्हणाली, "पदर पण लांबच ठेवा, मावशी," आणि आम्ही दोघी खूप दिवसांनी हसलो. तिनं टॉवेल सोडला आणि सरळ बरणीतला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला. बघितलं, आणि मला खूण केली.

निळा धागा होता. कुणी गाळलं नव्हतं, कुणी उघडलं नव्हतं. ती म्हणाली, "हा तुमचा नाही."

"मग कुणाचा?"

तिनं बरणीतल्या पाण्याकडं बोट केलं. मला तोवर वाटत होतं की समुद्र बिनडाग होता आणि बिघडवला मी. शेवटी तिलाच ते पाणी काचेच्या तंतूंच्या कागदातनं पंप लावून गाळून घ्यावं लागलं, आणि मग त्यात वेगळे वाढवलेले हिरवे जीव सोडावे लागले. पंप घुरघुरत होता आणि ती म्हणाली, "बघा, गाळावं लागलंच. तुमचं गाळणं चुकलं नव्हतं, मावशी. फडकं चुकलं होतं."

दिवाळीच्या आधी सरांनी स्वतः येऊन फ्लास्क बघितले. प्लास्टिकचे तिन्ही फिके, तांदळाच्या धुवणासारखे. कंट्रोलचे तिन्ही हिरवेगार, कोवळ्या गव्हासारखे. सर केबिनमध्ये गेले आणि तो अर्ज आणून तिच्या हातात दिला. म्हणाले, "माठावर झाकायला घे." त्यांना कौतुक करता येत नाही.

त्या दिवशी ती गेल्या गेल्या मला एक गोष्ट टोचायला लागली. दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलंच. "मी दिवा लावला तेव्हा सर खुर्चीतनं उठले. तू का दचकली नाहीस?"

ती फ्लास्कवरची चिठ्ठी नखानं काढत होती. म्हणाली, "मला सोमवारीच कळलं होतं. तुम्ही मला रागावत होतात तेव्हा मी खिडकीकडं बघत होते ना? गाळणं समोरच होतं. तुम्ही घरी गेल्यावर एक धागा काढून सुई लावली."

"आणि तू सरांपुढं चूक कबूल केलीस? अगं, तुझा विषय जात होता!"

"कसं बोलणार, मावशी? तुम्ही सगळ्यांना सांगत असायचात, आईचं लुगडं आहे, सुती आहे, मी घेतलं होतं म्हणून."

मला पुढं ऐकवेना. मी नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली. आणि नळाच्या धारेखाली हात धरल्यावर मला ते लुगडं दिलं त्या दिवशीची आई आठवली. घडी मोडली, काठाला अंगठा आणि बोट लावून एकदा चोळलं, आणि माझ्याकडं बघितलं. कापूस ओला का कोरडा हे डोळे मिटून सांगणारी बाई. म्हणाली होती, "लई झ्याक हाय गं. पिळायचं बी काम नाय, झटकलं की वाळतंय."

तिनंही सांगितलं नव्हतं.